नमुना अपुरा

बैकालवर मार्चात बर्फ मीटरभर जाड असतो.
किनाऱ्यापासून चार किलोमीटर आत आमच्या खोल्या,
चाकांवरच्या, पत्र्याच्या, सगळ्यांत मिळून एक चूल.

आभाळ बघायला आम्ही खाली बघतो.
हे पहिल्यांदा सांगितलं की लोक हसतात.
पण खरंच:
करवतीनं बर्फात चौकोन कापायचा,
काचेचे गोल डोळे दोरखंडात ओवायचे
आणि सोडायचे हजार मीटर काळोखात,
तोंड तळाकडे करून.
अख्खी पृथ्वी ओलांडून
एखादा न्यूट्रिनो येतो, वाटेत भिंत नसल्यासारखा,
आणि क्वचित, फार क्वचित, पाण्यात निळं काही
लकाकून जातं.
तेवढंच आम्हाला हवं असतं.
बाकी सगळ्याला आम्ही गोंगाट म्हणतो.

दोरखंड झोरिग्तो सोडतो.
सोडण्याआधी थर्मासमधून वाटीभर दूध
भोकात ओततो, ओठ हलवतो.
अकरा वर्षं झाली.
नोंदवहीत त्याला रकाना नाही.

या खेपेला वादळात गाडी अडकली, दूध संपलं.
मंगळवारी त्यानं नुसती टोपी काढली.
डोळे सुरळीत उतरले, एक गाठ नाही की गुंता नाही.
गुरुवारी दूध आलं, ओतलं,
आणि सातशे मीटरवर दोर दोराला असा बिलगला
की सोडवता सोडवता आमची बोटं निळी पडली.

रोदियोन ल्वोविच खूश.
रात्री चुलीपाशी कागद ओढून त्यांनी दोन रकाने आखले:
दुधासह. दुधाविना.
एकीकडे शंभरावर नोंदी, दुसरीकडे एक.
पेन्सिल चावत म्हणाले, "नमुना अपुरा आहे.
पुढच्या वर्षी निम्मे दोर दुधाविना सोडू.
नाणं उडवून ठरवू, म्हणजे पक्षपात नको."

झोरिग्तो मासा साफ करत होता.
"सोडा की," म्हणाला.
"त्या दिवशी भोकाच्या काठावर तुम्ही उभे राहा."

चुलीत लाकूड खचलं.
बाहेर बर्फ तडकला, लांबवर, तोफेसारखा.
आमच्यात तिघं डॉक्टरेटवाले होते.
कुणी हात वर केला नाही.

मग येवदोकिया, सगळ्यांत धाकटी, म्हणाली,
"पण ते दूध घेतं कोण?"
"ठाऊक नाही."
"आणि कुणीच नसलं तर?"
त्यानं काटा उपसून सुरीच्या टोकावर धरला.
"दुसऱ्याच्या घराला भोक पाडायचं
आणि वर हात हलवत जायचं?
घरात कुणी आहे की नाही, ते मागाहून बघू."
"हा पुरावा नव्हे," रोदियोन ल्वोविच म्हणाले.
"नव्हेच," तो म्हणाला. "दूध आहे."

दोन ते सहा माझी पाळी.
बैकालचं पाणी आपणहून उजळतं, मंद, विनाकारण;
पडद्यावर ते सारखं खदखदत असतं
आणि मी ते वजा करत असते.
त्या रात्रीही केलं. तेच माझं काम.
फक्त खाली लिहिताना जरा थांबले.
मी लिहिते: दिसलं नाही.
नाही, असं लिहीत नाही.
या दोहोंमध्ये किती खोल पाणी आहे
ते मोजायला अजून दोर विणलेला नाही;
आणि विणलाच, तरी त्याच्या टोकाला
आम्ही पुन्हा डोळेच बांधू,
निळं तेवढंच ओळखणारे.

पहाटे भोकाच्या कडेला गुरुवारचं दूध गोठलेलं होतं,
पारदर्शक बर्फावर पांढरी जीभ.
रोदियोन ल्वोविच उपकरणांची पेटी घेऊन आले,
घाईत, मफलर तोंडावर,
थबकले.
इकडे तिकडे पाहिलं.
मग चार पावलं बाजूनं गेले.

मी वेळ लिहिली: सात वाजून दहा.
तापमान उणे एकवीस. वारा वायव्येचा.
तो वळसा कुठे लिहायचा
ते काही केल्या सुचेना.